परभणी ते तारकर्ली : चौघांच्या कुटुंबाला समुद्र कितीला पडतो?

आधी आकडा सांगतो. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आजी असे चौघांचे कुटुंब परभणीहून निघून तारकर्लीला चार रात्री राहून परत आले, तर गर्दी नसलेल्या दिवसांत ३५ हजारांच्या आसपास खर्च येतो. अडीअडचणीला तीन हजार वेगळे ठेवा आणि ३८ हजार धरून चला. हेच कुटुंब दोनच रात्री राहिले तर साधारण २५ हजार लागतात. म्हणजे पहिल्या दोन रात्री २५ हजारांना आणि पुढच्या दोन रात्री फक्त दहा हजारांना पडतात. हा फरक ध्यानात घेऊनच बेत आखायला हवा.

कारण सरळ आहे. मुंबई-पुण्याचा माणूस शुक्रवारी रात्री निघतो आणि सोमवारी कामावर हजर होतो. त्याला दोन रात्रींची सहल परवडते. परभणीहून मालवण रस्त्याने सव्वासहाशे किलोमीटरच्या घरात आहे. जायला एक दिवस आणि यायला एक दिवस, हे ठरलेलेच. तिकिटाचे, रिक्षाचे, वाटेतल्या चहा-पाण्याचे पैसे तुम्ही दोन रात्री राहा की सहा, तेवढेच लागतात. इतक्या लांब जाऊन दोन रात्रींत माघारी फिरणे हा आपल्या भागातल्या लोकांनी करू नये असा खर्च आहे. सात ठिकाणे तीन दिवसांत उरकणाऱ्या पॅकेज टूरबद्दलही माझे हेच मत आहे. त्यात पैसे समुद्रासाठी कमी आणि डिझेलसाठी जास्त जातात.

हल्ली मोबाइलवर स्कॉटलंडच्या किनाऱ्याचे व्हिडिओ फार फिरतात. काळे कडे, हिरवी कुरणे, एकाकी दीपगृहे. पाहून हरखून जावे असेच आहे ते. पण नुसता हिशेब मांडला तरी, एप्रिल २०२५ पासून ब्रिटनच्या साध्या भेटीच्या व्हिसाचे शुल्क माणशी १२७ पौंड झाले. लहान मुलालाही तेवढेच. चौघांचे ५०८ पौंड, म्हणजे ५८-६० हजार रुपये, विमानाचे तिकीट काढण्याआधीच जातात आणि व्हिसा नाकारला तर परत मिळत नाहीत. मुलगा किंवा लेक तिकडे नोकरीला असेल तर जरूर जा. नुसता समुद्रच पाहायचा असेल, तर त्या शुल्कात आपल्या सिंधुदुर्गाची सहकुटुंब सहल होऊन वर वीस हजार उरतात.

वाट कोणती घ्यावी

परभणीहून थेट कोकणात उतरवणारी गाडी नाही, म्हणून बहुतेक जण लगेच भाड्याच्या गाडीकडे वळतात. त्याआधी रेल्वेचा एक जोड नीट समजून घ्या. नांदेड-मुंबई तपोवन एक्स्प्रेस रोज सकाळी परभणीहून जाते आणि रात्री नऊच्या सुमारास ठाण्याला पोचते. त्याच ठाणे स्थानकावर रात्री साडेअकराच्या पुढे कोकणकन्या एक्स्प्रेस येते, आणि ती सकाळी तुम्हाला कुडाळला सोडते. परत येतानाही हा जोड जुळतो. कोकणकन्या संध्याकाळी कुडाळहून निघून पहाटे ठाण्याला पोचते आणि सकाळी तपोवन तुम्हाला परभणीकडे घेऊन येते. वेळा बदलत असतात, त्यामुळे आरक्षणाच्या दिवशी वेळापत्रक पुन्हा पाहा. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर एवढे आखूड केले. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांनी हे विशेष पाहावे.

भाडे किती? तपोवनच्या बसायच्या डब्यात, म्हणजे सेकंड सिटिंगला, ठाण्यापर्यंत माणशी दोनशेच्या आसपास. कोकणकन्येच्या स्लीपरला चारशेच्या आसपास. कोकण रेल्वेवर भाडे आकारताना प्रत्यक्षापेक्षा ४० टक्के जास्त अंतर धरतात, म्हणून तेवढ्याच अंतराला आपल्याकडे लागते त्याहून तिकीट महाग वाटते. ती बुकिंगवाल्याची लबाडी नव्हे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला की पूर्ण भाडे, न घेतला की अर्धे. रात्रीच्या प्रवासाला बर्थ घ्याच. आजी-आजोबांना रेल्वेत पूर्वी मिळणारी सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. ती धरून हिशेब करू नका. चौघांचे जाण्याचे २,४०० आणि येऊन-जाऊन ४,८०० रुपये झाले. आजींना दिवसभर बसणे झेपणार नसेल तर तपोवनऐवजी रात्रीची देवगिरी किंवा नंदीग्राम घेऊन मुंबईत दिवस काढता येतो, पण मग मुंबईतला खर्च वेगळा धरावा लागतो.

आरक्षण ६० दिवस आधी उघडते (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होते). कोकणकन्येचे स्लीपर बघता बघता संपते, म्हणून आधी तिचे तिकीट काढा आणि मग तपोवनचे. दोन्ही तिकिटे एकमेकांना जोडून घ्या, म्हणजे दोन पीएनआर लिंक करा. एप्रिल २०१९ पासून ही सोय आहे. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे रद्द-शुल्क न कापता मिळू शकतात. त्यासाठी दोन्ही तिकिटांवर नावे, वय अगदी सारखे हवे. एकावर ‘सौ.’ आणि दुसऱ्यावर नुसते नाव, एवढ्यानेही जोड अडतो. ऑनलाइन तिकीट काढताना प्रवास विम्याच्या चौकटीवर खूण करायला विसरू नका. माणशी ४५ पैसे पडतात.

दुसरी वाट कोल्हापूरची. नागपूर-कोल्हापूर एक्स्प्रेस आठवड्यातून दोनदा परभणी, परळी, लातूर, पंढरपूर, मिरज करत कोल्हापूरला जाते. स्लीपरला चारशेच्या आत भाडे. पुढे कोल्हापूर ते मालवण एसटी, गगनबावड्याचा घाट उतरून किंवा फोंडा घाटाने. देवदर्शन जोडायचे असेल, आणि आपल्याकडे ते जोडायचेच असते, तर ही वाट उत्तम. अंबाबाईचे दर्शन, कोल्हापुरात एक मुक्काम, सकाळी ताजेतवाने होऊन घाट. मुक्कामाचे बाराशे-दीड हजार वाढवा. ज्यांना घाटात उलटीचा त्रास होतो त्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, घाट लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही.

एसटीचे भाडे घरबसल्या काढता येते. २५ जानेवारी २०२५ च्या दरवाढीनंतर साध्या बसला सहा किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे, निमआरामला १३ रुपये ६५ पैसे आणि वातानुकूलित शिवशाहीला १४ रुपये २० पैसे असा दर झाला. कोल्हापूर-मालवण सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे २७ टप्पे, म्हणजे पुरुषाला साध्या बसने २७०-२७५ रुपये. महिलांना सर्व प्रकारच्या एसटीत अर्धे तिकीट (मार्च २०२३ पासून), ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, ७५ च्या पुढे मोफत (ऑगस्ट २०२२ पासून), पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे. आपल्या चौघांपैकी पूर्ण तिकीट एकट्या वडिलांना. सगळे मिळून ६८० रुपये. आजींचे आधार कार्ड हातपिशवीत ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. गोव्यापर्यंत जाणाऱ्या बसमध्ये ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच मिळते. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास पुष्कळ जण सुचवतात. पण घरात बायका, ज्येष्ठ, मुले असतील तर अर्ध्या तिकिटापुढे तो पास बहुधा तोट्याचा ठरतो. रोज नव्या गावाला जाणाऱ्या एकट्या तरुणाला तो फायद्याचा.

आता भाड्याची गाडी. सात आसनी गाडीला किलोमीटरला चौदा-पंधरा रुपये, चालकाचा भत्ता दिवसाला चारशे-पाचशे आणि दिवसाला किमान तीनशे किलोमीटरचे पैसे, असा परभणीतला सर्वसाधारण व्यवहार असतो. यातली शेवटची अट लोक ऐकून न ऐकल्यासारखी करतात आणि तिथेच फसतात. सहा दिवसांची सहल म्हणजे गाडी तारकर्लीच्या नारळाखाली तीन दिवस उभी असली, तरी १,८०० किलोमीटरचे २७ हजार द्यावे लागतात. भत्ता तीन हजार, टोल दोन-अडीच हजार. झाले ३२ हजार. रेल्वेने गेलेल्या कुटुंबाची अख्खी सहल जवळपास एवढ्यात होते. सहा-सात जण असतील, त्यात चालायला त्रास होणारे कुणी असेल, तर गाडीला पर्याय नाही, हे मान्य. तेव्हाही गाडीवाल्याशी बोलून घ्या की उभ्या दिवसांचे वेगळे आणि कमी धरणार का. पुष्कळ जण तयार होतात. आणि चालकाच्या झोपण्याची सोय कोण करणार, हे परभणीतच ठरवा. तो दिवसभर घाट चालवणार आहे, त्याला रात्री गाडीत झोपायला लावणे माणुसकीचेही नाही आणि सुरक्षितही नाही.

स्वतःची गाडी असेल तर गंगाखेड, परळी, अंबाजोगाईवरून लातूर गाठायचे आणि मग तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर हा महामार्ग. येऊन-जाऊन आणि तिकडचे फिरणे धरून साडेचौदाशे किलोमीटर होतात. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर ९७ लिटर, म्हणजे दहा-साडेदहा हजारांचे पेट्रोल. परभणीचे पेट्रोल राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलपैकी एक. मनमाडच्या डेपोपासून टँकर लांब येतो, त्याचे वाहतूक भाडे आपल्या लिटरमध्ये येऊन बसते. तेव्हा टाकी काठोकाठ भरून निघण्याची सवय सोडा. सोलापूर-कोल्हापूरपर्यंत पुरेल एवढे घाला आणि पुढे भरा. फास्टॅग चालू आहे ना, त्यात पैसे आहेत ना, हे पाहून निघा. नोव्हेंबर २०२५ पासून फास्टॅग नसेल किंवा चालत नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल घेतात. तीन हजारांचा जो वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये आला, तो या एका सहलीसाठी काढू नका. वर्षभर पुणे-हैदराबाद करणाऱ्यालाच तो वसूल होतो.

खासगी स्लीपर बसने पुणे किंवा कोल्हापूर गाठणारेही आहेत. त्यांच्यासाठी एकच गोष्ट. राज्य सरकारच्या एप्रिल २०१८ च्या आदेशानुसार खासगी बसला त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त भाडे घेता येत नाही. परभणी-पुणे ३७० किलोमीटर धरले तर शिवशाहीचे भाडे ८८० रुपयांच्या घरात, म्हणजे वातानुकूलित खासगी बसची कमाल मर्यादा तेराशेच्या आसपास. दिवाळीत दोन-अडीच हजार मागितले तर तिकीट जपून ठेवा आणि परिवहन कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. आपण तक्रार करत नाही, म्हणून दर दिवाळीला तेच होते.

कधी जावे

आपल्याकडे सहल मे महिन्यातच काढतात, कारण शाळेला सुटी आणि परभणीचा पारा बेचाळिसावर. पण मे महिन्यात किनाऱ्यावर घामाने अंग चिकचिकते, खोल्या महाग असतात आणि समुद्राचा मोसम संपत आलेला असतो. प्रवासी होड्या आणि जलक्रीडा २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद ठेवतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, तेव्हा ताटात येणारा मासा ताजा असेल याची खात्री नाही. नाताळ ते १ जानेवारी हा सर्वांत महाग आठवडा. दोन हजारांची खोली चार हजारांना गेलेली या दिवसांत नवी नाही.

शेती असणाऱ्यांना संक्रांतीनंतरचे दिवस सोयीचे. सोयाबीन विकून झालेले असते, तूर काढणीचा रेटा ओसरलेला असतो आणि टाळकी ज्वारी काढायला अजून अवकाश असतो. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य, सोमवार ते शुक्रवार. हवा छान, पाणी निवळ, खोलीचे भाडे बोलून कमी करता येते. मुलीची शाळा पाच-सहा दिवस बुडेल, हे खरे. मला विचाराल तर दहा वर्षांच्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहावा यासाठी तेवढे दिवस देण्यात काही वावगे नाही.

खोली घेताना फोनवर काय विचारावे

तारकर्ली, देवबाग, वायरी या भागात लोकांच्या घरांतल्या खोल्या आणि न्याहारीची सोय पुष्कळ आहे. साधी खोली बाराशे ते अठराशे, एसी दोन ते अडीच हजार, चौघांची मोठी खोली अडीच हजारांच्या आसपास, असे साध्या दिवसांत धरा. राज्य पर्यटन महामंडळाचे (एमटीडीसी) निवास तारकर्लीला किनाऱ्यालगतच आहे. तिथले दर जास्त असले तरी जागा चांगली आहे, आणि आरक्षण महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरून होते. खोलीवर बचत करताना एक मर्यादा पाळा. आजी सोबत असतील तर तळमजला आणि पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय, यात तडजोड नको.

फोनवर ‘बीच टच’ आणि ‘सी व्ह्यू’ हे शब्द कानी पडतील. त्यांवर न थांबता पुढचे विचारा. ‘काकू, खोलीतून निघाल्यावर रस्ता ओलांडावा लागतो का? वाळूपर्यंत चालत किती मिनिटे?’ देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी आहे. तिथे ‘पाण्याकाठी’ म्हणजे नदीकाठीही असू शकते. मग विचारा : सांगितलेल्या दरात न्याहारी धरली आहे का, चौथ्या माणसाच्या गादीचे किती, एसी चालवला तर वेगळे पैसे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, सकाळी किती वाजता पोचलो तर खोली मिळेल. हा शेवटचा प्रश्न आपल्यासाठी फार महत्त्वाचा. कोकणकन्या सकाळीच कुडाळला सोडते आणि खोली दुपारी बाराला मिळते. मधले चार तास आजींना घेऊन कुठे बसणार? बहुतेक घरवाले हातपाय धुवायला आणि सामान ठेवायला जागा देतात, पण ते आधी बोललेले असावे.

बोललेले सगळे व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. आगाऊ रक्कम पाव भागाहून जास्त देऊ नका. गुगलवर सापडलेल्या नंबरवर पैसे पाठवण्याआधी त्या गावातल्या दुसऱ्या कुणाकडून नाव पडताळा. प्रसिद्ध हॉटेलांच्या नावाने खोटी पाने उघडून आगाऊ रक्कम लाटणाऱ्या टोळ्या आहेत. फसगत झालीच तर तासाभरात १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर फोन करा. वेळेत कळवले तर पैसे गोठवता येतात.

बिलात जीएसटी लावला असेल तर दर पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आहे, आधीचा १२ टक्के नाही. जीएसटी क्रमांक नसलेल्या छोट्या घरमालकाला तो लावताच येत नाही. हॉटेलात ‘सेवा शुल्क’ आपोआप बिलात घालणे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांविरुद्ध आहे. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा.

कुडाळ स्थानकापासून मालवण २८-३० किलोमीटर आणि पुढे तारकर्ली सात. थेट रिक्षा आठशे रुपयांच्या आसपास घेते. सामान कमी असेल तर एसटीने मालवण आणि तिथून रिक्षा, यात निम्म्याहून जास्त वाचतात. उतरल्या उतरल्या ठरवू नका, दोघा-तिघांना विचारा.

जेवण

रोजचे दोन हजार ते बावीसशे धरा. शाकाहारी थाळी दीडशे ते दोनशे, बांगड्याची अडीचशेपर्यंत, सुरमईची साडेतीनशे ते पाचशे, पापलेटची त्याहून वर. थाळी सांगण्याआधी माशाचा तुकडा केवढा ते विचारावे, आणि दाखवायलाही सांगावे. त्यात संकोच कसला. माळकरी, शाकाहारी माणसांनी घाबरून जाऊ नये. काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि आंबोळी, घावणे आणि नारळाची चटणी, यांवर चार दिवस आनंदाने निघतात. घरगुती मुक्कामी मात्र आधी सांगून ठेवा की स्वयंपाक वेगळ्या भांड्यात लागेल. ज्वारीची भाकरी तिकडे मिळेल या भरवशावर राहू नका. तिथली भाकरी तांदळाची. वाटेसाठी दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच न्या. दशम्या दोन दिवस टिकतात आणि चौघांचे वाटेतले हजारभर रुपये वाचतात. रेल्वेत एक लिटर रेल नीर १४ रुपयांना आहे, वीस मागितले तर देऊ नका.

मासे खाणाऱ्यांसाठी पैसे वाचवण्याची आणि उत्तम जेवण्याची एक रीत सांगतो. मालवणच्या बंदरावर होड्या लागल्या की वाळूवरच लिलाव होतो. किरकोळ घ्यायचे तर टोपल्या मांडून बसलेल्या बायकांकडे जावे. त्या तोलून कमी, वाट्यावर जास्त विकतात. बांगड्यांचा वाटा पुढे सरकवला की एक बांगडा उचला. डोळा फुगीर आणि लख्ख असावा, गढूळ नको. कल्ला उघडून पाहा, तो लालभडक हवा, तपकिरी झाला असेल तर मासा कालचा. बोटाने दाबले की मांस लगेच वर यावे. एवढे पाहणारे गिऱ्हाईक म्हटल्यावर भावही नीट लागतो. तो वाटा घेऊन मुक्कामी या. सकाळी विचारून ठेवले असेल तर काकू मसाल्याचे आणि मजुरीचे पैसे घेऊन रांधून देतात. चौघांचे जेवण हॉटेलच्या निम्म्यात होते, आणि चव वेगळी सांगायला नको.

होडी, किल्ला आणि पाण्यातले खेळ

सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायलाच हवे. नोव्हेंबर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचे काम सुरू केले, आणि आत महाराजांचे स्वतःचे मंदिर आहे. होडीचे माणशी शंभर-दीडशे धरा. होडी परत यायची वेळ ठरलेली असते, ती चढतानाच विचारा. डॉल्फिन दाखवायची फेरी, त्सुनामी बेट, कर्लीचा संगम यांचे माणशी तीनशे-चारशे होतात. डॉल्फिन दिसतीलच असे कुणी छातीठोक सांगत असेल तर ते मानू नका.

स्कूबाचे हजाराच्या आसपास, पॅरासेलिंगचे तेवढेच. ‘कॉम्बो’ स्वस्त दिसतो, पण त्यातला प्रत्येक खेळ किती मिनिटांचा हे विचारल्यावर खरा भाव कळतो. स्कूबात पाण्याखालचा प्रत्यक्ष वेळ किती, चित्रीकरणाचे पैसे त्यातच का, हे पैसे देण्याआधी विचारा. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे असेल त्याने पाण्याखाली जाऊ नये. आयोजकाने विचारले नाही तरी आपण सांगावे.

इथे पैशाची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी वीस पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. होडीत चढताना लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळाले का, ते अंगावर बांधले का, मुलीच्या मापाचे आहे का, हे पाहिल्याशिवाय होडी सुटू देऊ नका. सागरी मंडळाचा परवाना आणि होडीची प्रवासी क्षमता विचारणे हा तुमचा हक्क आहे. जास्त माणसे भरली असतील तर उतरा, पैसे बुडाले तरी चालतील. आपल्याकडची पोरे विहिरीत, गोदावरीत, येलदरीच्या पाण्यात पोहायला शिकतात आणि आपल्याला पोहता येते असे समजतात. ओहोटीच्या वेळी समुद्र आत ओढतो, तिथे विहिरीतले पोहणे कामाला येत नाही. जिथे स्थानिक लोक पाण्यात उतरत नाहीत, तिथे उतरू नये. जीवरक्षक शिट्टी वाजवतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नये.

हिशेब मांडून पाहू

रेल्वे येऊन-जाऊन ४,८००. कुडाळ-तारकर्ली रिक्षा दोन्ही वेळची १,६००. चार रात्री खोली १०,०००. पाच दिवसांचे जेवण ११,०००. स्थानिक फिरणे २,०००. किल्ला आणि होडी १,०००. आई-वडील दोघांनी एक-एक खेळ केला तर २,५००. काजू, कोकम, मालवणी खाजा २,०००. बेरीज ३४,९००. यात कमी करायचे तर आधी खेळ कमी करा, मग एसी, मग रिक्षा. रात्री कमी करू नका. आणखी दोन रात्री वाढवल्या तर खोली आणि जेवणाचे नऊ-साडेनऊ हजार वाढतील, बाकी काही नाही.

एप्रिल-मे मध्ये गेलात तर हापूसची पेटी आणायचा मोह होईल. ‘हापूस’ या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि शेजारच्या कोकणी जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी आहे. महामार्गालगतच्या टपरीवर देवगडच्या नावाने कर्नाटकी आंबा विकला जातो. बागायतदाराच्या घरून किंवा देवगडच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेकडून घ्या. आता फळावर कोड असलेले स्टिकर असते, ते तपासता येते. पेटी रेल्वेने आणायची तर अर्धकच्ची घ्या आणि वरची फळे उघडून खालचा थरही पाहा.

बिल, पावती, व्हॉट्सअॅपवरचा करार घरी आल्यावरही महिनाभर पुसू नका. ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले, खोली दाखवली एक आणि दिली दुसरी, छापील किमतीपेक्षा जास्त भावाने दुकानात वस्तू विकली, अशा तक्रारी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर मराठीतही नोंदवता येतात. त्यातून काम झाले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे जाता येते. म्हणजे मालवणच्या तक्रारीसाठी मालवणला खेपा घालाव्या लागत नाहीत, ती परभणीत दाखल होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.